इरावती कर्वे: नात्यांचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ आणि नात्यातल्या लग्नाचा प्रश्न

नळदुर्ग, तुळजापूर, अक्कलकोट, उमरगा हा आपला पट्टा कर्नाटकाला लागून आहे. इथे अनेक घरांत मराठीबरोबर कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते आणि सोयरिकीही सीमा ओलांडून होतात. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे वाक्य इथल्या लग्नाच्या बैठकीत आजही ऐकू येतं. काही घरांत मुलगी थेट सख्ख्या मामालाच दिली जाते.

त्यामुळे आमच्या ओपीडीत काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बाळाला ऐकू येत नाही, ते नात्यात लग्न केल्यामुळे का? पहिलं मूल दगावलं, दुसऱ्याचं काय होईल? मुलाला मामाची मुलगी करायची आहे, रक्त तपासून सांगता का? आणि बहुतेक वेळा दाराशी एक सून मान खाली घालून उभी असते, कारण घरात दोष तिच्यावर टाकून झालेला असतो.

या प्रश्नांची वैद्यकीय उत्तरं या लेखात आहेतच. पण ती समजण्यासाठी आधी एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीचं आयुष्य पाहूया. महाराष्ट्रात कोण कोणाशी लग्न करतं, का करतं आणि त्याचा आपल्या शरीराशी काय संबंध आहे, याचा आयुष्यभर अभ्यास त्यांनी केला. त्या म्हणजे डॉ. इरावती कर्वे. अनेकांना त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून माहीत आहेत. त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या आणि आनुवंशिकतेचं शिक्षण घेतलेल्या होत्या, हे कमी जणांना ठाऊक असतं.

ब्रह्मदेशातून पुण्याला

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, मिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं.

सातव्या वर्षी त्यांना शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली. ती रँग्लर परांजपे यांची मुलगी. परांजप्यांच्या घराने इरावतीला आपलीच दुसरी मुलगी मानून वाढवलं. रँग्लर परांजपे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. घरात पुस्तकं, वादविवाद आणि मोकळं वातावरण होतं. मुलींना शाळेत पाठवणं हीच मोठी गोष्ट असलेल्या काळात अशी संधी मिळणं विरळा होतं.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या १९२६ मध्ये बी.ए. झाल्या. पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्रात एम.ए. केलं. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांचीच स्वतःची जात. याच सुमारास त्यांचं लग्न दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झालं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. दिनकररावांचे सावत्र भाऊ र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं होतं. म्हणजे लग्न, मूल आणि आरोग्य यांवर उघडपणे बोलणारं हे घर होतं.

तरीही सुनेने शिकायला जर्मनीला जावं, हे महर्षींना पसंत नव्हतं. दिनकरराव मात्र स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. ते ठाम राहिले. पैशांची अडचण होती. तेव्हा डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिलं. हे डॉ. मेहता म्हणजे मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता. या केईएमचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

बर्लिनमधल्या कवट्या

इरावतीबाई बर्लिनला ज्या संस्थेत गेल्या तिचं नाव लांबलचक होतं: कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि युजेनिक्स संस्था. युजेनिक्स म्हणजे चांगल्या वंशाची पैदास वाढवायची आणि हलक्या वंशाची थांबवायची, हा विचार. त्या काळी जगभरातले अनेक विद्वान याला विज्ञान समजत होते. संस्थेचे प्रमुख होते ऑयगेन फिशर.

फिशर यांचा समज असा होता, की गोऱ्या युरोपीय माणसांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात. मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असल्याने असं होतं आणि ते जास्त बुद्धीचं लक्षण आहे. इतर वंशांत हा फरक दिसणार नाही, अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या पीएच.डी.चा विषय हाच होता. त्यांनी वेगवेगळ्या खंडांतल्या लोकांच्या १४९ कवट्या मोजल्या.

मोजमापातून अपेक्षेसारखं काही निघालं नाही. कवटीच्या दोन बाजूंमध्ये फरक असतो, पण तो सगळ्याच माणसांत असतो. त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही. भारतातून आलेल्या, विशीतल्या, परभाषेत शिकणाऱ्या या विद्यार्थिनीने तो निष्कर्ष जसाच्या तसा लिहिला. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

पुढे काय झालं ते आपण रुग्ण आणि नातेवाईक म्हणून जरूर जाणून घ्यावं. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरचं सरकार आलं आणि त्याच वर्षी आनुवंशिक आजार असलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा झाला. त्या यादीत जन्मजात बहिरेपण, अंधत्व, फिट्स, मतिमंदत्व असे आजार होते. सुमारे चार लाख लोकांची अशी नसबंदी झाली. इरावतीबाई जिथे शिकल्या, त्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या कामाला हातभार लावला.

आनुवंशिकतेचं ज्ञान कोणाच्या हातात आहे आणि ते कशासाठी वापरलं जातं, यावर ते औषध ठरेल की विष, हे ठरतं. आपल्या गल्लीत एखाद्या घराला खराब रक्ताचं घर म्हटलं जातं, तेव्हा त्याच विचाराचं छोटं रूप आपण वापरत असतो.

डेक्कन कॉलेज: एका विभागाची वाढ

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाई महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या एस.एन.डी.टी.च्या, कुलसचिव होत्या. कचेरीच्या कामात त्यांचं मन रमलं नाही. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि त्या तिथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या. निवृत्तीपर्यंत त्या तिथेच राहिल्या.

सुरुवातीला विभाग म्हणजे जवळपास त्या एकट्याच. साधनं म्हणजे मोजपट्टी, कवटी-डोकं मोजायचा कॅलिपर आणि वही. पण त्यांनी संशोधन वाचनालयात बसून केलं नाही. त्या गावोगाव गेल्या. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची शरीरमापं घेतली, भिल्लांच्या वस्त्यांत गेल्या, गुजरात, ओरिसा, कूर्ग, केरळ असा प्रवास केला. एस.टी., बैलगाडी, पायी, जसं मिळेल तसं. १९४४ मध्ये हसमुख सांकलिया यांच्याबरोबर त्या गुजरातमधल्या लांघणजच्या उत्खननात होत्या. तिथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे सापडले. १९४७ मध्ये दिल्लीला भरलेल्या सायन्स काँग्रेसच्या मानववंशशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्ष होत्या. पुणे विद्यापीठातल्या मानववंशशास्त्र विभागाचा पायाही त्यांनीच घातला.

घरी तीन मुलं होती. स्वयंपाकघर, विद्यार्थी, लेखन हे सगळं एकाच दिवसात चालायचं. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

त्या पंढरीच्या वारीतही चालल्या. तिथे त्यांनी भक्ती पाहिली आणि एकाच वाटेवर चालणारे लोक जेवायला मात्र जातीजातीने वेगळे बसतात, हेही टिपलं. सोलापूरच्या या बाजूला राहणाऱ्या आपल्याला हे दृश्य नवं नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डोकी आणि नाकं मोजून माणसांचे गट पाडण्याची पद्धत आता मागे पडली आहे. इरावतीबाईंनीही ती बरीच वर्षं वापरली. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. त्यांच्या कामातला टिकलेला भाग म्हणजे नाती आणि लग्नं यांचा अभ्यास.

कोण कोणाला मुलगी देतं?

१९५३ मध्ये त्यांचा नातेसंबंधांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. त्यात त्यांनी भारताचे चार भाग पाडले: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व.

उत्तरेत मुलगी अनोळखी घरात, शक्यतो दुसऱ्या गावात दिली जाते. आईकडून किंवा वडिलांकडून नातं लागत असेल तर लग्न होत नाही. दक्षिणेत उलट. तिथे ओळखीच्या, नात्यातल्याच घरात मुलगी देणं चांगलं समजलं जातं. आते-मामे भावंडांचं लग्न होतं, बऱ्याच समाजांत बहिणीची मुलगीही केली जाते. महाराष्ट्र मध्य भागात येतो आणि इथे दोन्ही रीती एकमेकींत मिसळतात. मामाची मुलगी चालते, पण अनेक समाजांत आत्याची मुलगी चालत नाही. चुलत आणि मावस भावंडं तर सख्ख्यासारखी मानली जातात.

नळदुर्गचा पट्टा नेमका या दोन रीतींच्या सांध्यावर आहे. या भागाचा बराचसा हिस्सा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, म्हणून कन्नड-तेलुगू मुलखाशी रोटी-बेटी व्यवहार जुना आहे.

इरावतीबाईंनी या रीतीला अडाणीपणा म्हणून झटकलं नाही. त्यामागची कारणं शोधली. नात्यात दिलेली मुलगी परकी होत नाही. सासू म्हणजे आत्या असते. जमीन, दागिने घरातच राहतात. संकटात दोन्ही घरं धावून येतात. आम्हा डॉक्टरांना हे समजणं फार गरजेचं आहे. नात्यात लग्न करू नका एवढं एक वाक्य सांगून आम्ही मोकळे झालो, तर समोरचं कुटुंब मान हलवतं आणि घरी जाऊन आपल्या रीतीनेच करतं.

जात म्हणजे मोठं नातेवाईक मंडळ

इरावतीबाईंचा दुसरा महत्त्वाचा विचार जातीबद्दल होता. त्यांच्या मते ज्या गटात आपण लग्न करतो ती जात म्हणजे पसरलेलं एक नातेवाईक मंडळच असतं. शेकडो वर्षं लोक त्याच वर्तुळात लग्नं करत आले. त्यामुळे वरून एकाच नावाखाली येणारे गट आतून वेगळे असू शकतात.

हे तपासण्यासाठी त्यांनी आपले विद्यार्थी कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींचा अभ्यास केला. सगळ्या सारख्याच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या. तरी शरीरमापं आणि इतर आनुवंशिक गुण यांत त्या एकमेकींपासून वेगळ्या निघाल्या. हा शोधनिबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच काळात मुंबईतही हे काम वाढत होतं. डॉ. व. रा. खानोलकर आणि डॉ. संघवी यांनी जातिसमूहांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासायला सुरुवात केली होती. संघवी आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मुंबईतल्या बारा समूहांत नात्यातली लग्नं किती होतात, याची मोजणी प्रसिद्ध केली. केईएममध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये एक नवा दुर्मीळ रक्तगट शोधला. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’सारखा दिसतो, पण अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. आईवडील दोघांकडून दोषी जनुक आल्यावरच तो होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत तो जास्त सापडतो.

१९५७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केलं. त्याचीच पुढे राष्ट्रीय संस्था झाली. ती केईएमच्या आवारात आहे. रक्तगटांपासून सुरू झालेलं हे काम सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, गर्भातल्या बाळाची तपासणी असं वाढत गेलं आणि चंद्रपूरला सिकलसेलसाठी वेगळं केंद्रही उभं राहिलं. ज्या लोकांना आजार आहे, त्यांच्या जवळ जाऊन तपासणी करायची, हा त्यामागचा विचार.

अलीकडच्या डीएनए अभ्यासांनी इरावतीबाईंच्या विचाराला वेगळ्या मार्गाने पुष्टी दिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६० हून अधिक समूह तपासले गेले. त्यांतले ८१ समूह असे निघाले, की त्यांच्यावर थोड्या पूर्वजांपासून वाढल्याचा ठसा फार ठळक आहे. अशा समूहात एखाद्या पूर्वजाचा जनुकदोष अनेक घरांत पसरलेला असू शकतो, नवराबायकोचं जवळचं नातं नसलं तरी.

याचं एक उपयोगी उदाहरण. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात काही जणांच्या शरीरात एक विशिष्ट एन्झाइम कमी असतं. एरवी त्याचा काहीच त्रास नसतो. पण ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करणारं एक ठरावीक इंजेक्शन दिलं, तर त्याचा परिणाम काही मिनिटांऐवजी बराच वेळ टिकतो आणि श्वास मशीनवर ठेवावा लागतो. भूलतज्ज्ञाला आधी माहीत असेल तर तो दुसरं औषध वापरतो आणि प्रश्न मिटतो. म्हणून घरात कोणाला भुलीनंतर उशिरा जाग आली असेल किंवा श्वासाला त्रास झाला असेल, तर ऑपरेशनआधी जरूर सांगा.

आता तुमचे प्रश्न

आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. अनेक आजार असे असतात, की एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवून नेते. अशा माणसाला वाहक म्हणतात. वाहक आजारी नसतो. आई आणि वडील दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के असते.

समजा आजोबा एका दुर्मीळ दोषाचे वाहक आहेत. त्यांचा मुलगा म्हणजे मामा आणि मुलगी म्हणजे तुमची आई. आजोबांकडून हा दोष तुमच्यापर्यंत येण्याची शक्यता चारात एक. मामाच्या मुलीपर्यंतही चारात एक. दोघांचं लग्न झालं, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता सोळात एक आणि बाळाला आजार होण्याची ६४ मध्ये एक. हेच लग्न बाहेरच्या मुलीशी झालं आणि समाजात त्या दोषाचे वाहक शंभरात एक असतील, तर ही शक्यता १६०० मध्ये एक होते.

हा हिशोब एका ठरावीक दोषाचा झाला. सगळं मिळून पाहिलं तर चित्र एवढं भीतीदायक नाही. कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. आते-मामे भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट, ४ ते ६ टक्के होते. म्हणजे अशा शंभरातली ९४ किंवा जास्त बाळं या बाबतीत ठीक असतात. सख्ख्या मामाशी लग्न झालं तर नातं अधिक जवळचं असल्याने धोका यापेक्षा जास्त असतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच दोन घरांत लग्नं होत असतील, तर तो आणखी वाढतो.

गोत्र आणि कूळ वेगळं आहे, मग काय हरकत, असं अनेक जण विचारतात. गोत्र फक्त वडिलांकडून मोजतात. जनुकं आईकडूनही तेवढीच येतात. चुलत, मावस, आते, मामे यांपैकी कोणतंही भावंड जनुकांच्या हिशोबात सारखंच जवळचं. रीत त्यांत फरक करते, शरीर करत नाही.

दोघांचा रक्तगट सारखा असेल तर लग्न करू नये, हाही गैरसमज आहे. एबीओ रक्तगट तपासून नात्यातल्या लग्नाचा धोका कळत नाही.

आणि दोष कोणाचा? अशा आजारांत बाळाला दोन्ही बाजूंनी बिघडलेली प्रत मिळालेली असते. एकट्या आईमुळे तो होत नाही. म्हणून ओपीडीत मी सासूबाईंनाही आत बोलावतो आणि हे चित्र कागदावर काढून दाखवतो.

काय करायचं?

लग्न ठरण्यापूर्वी: दोन्ही घरांची तीन पिढ्यांची माहिती लिहून काढा. लहानपणी दगावलेली मुलं, जन्मजात बहिरेपण, अंधत्व, मतिमंदत्व, वारंवार रक्त चढवावं लागणारे, वारंवार होणारे गर्भपात. हा कागद डॉक्टरांना दाखवा. इरावतीबाई गावोगाव जाऊन हेच करत असत, वंशावळ विचारत असत. ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी आनुवंशिक तपासणी आहे.

थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी दोघांची सीबीसी आणि एचपीएलसी ही रक्ततपासणी करा. ती आयुष्यात एकदा केली तरी पुरते. दोघेही वाहक निघाले तर लग्नाआधी जेनेटिक समुपदेशन घ्या. लग्न मोडायचं की नाही, हा निर्णय तुमचा आहे. डॉक्टरने माहिती द्यावी, हुकूम देऊ नये.

लग्न झालेलं असेल तर: घाबरू नका. गरोदरपणाआधी किंवा दिवस गेल्याबरोबर लगेच डॉक्टरांना नातं सांगा, लपवू नका. घरात आधी आजारी मूल असेल, तर त्या मुलाचं नेमकं निदान आधी करून घ्या, कारण त्याशिवाय पुढच्या बाळाची तपासणी करता येत नाही. निदान पक्कं असेल तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल तपासता येतं. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. आजारासाठीची गर्भतपासणी कायदेशीर आहे. लिंगनिदान गुन्हा आहे. गंभीर दोष आढळला तर पुढे काय करता येतं, हे कायद्याच्या चौकटीत डॉक्टर समजावून सांगतात.

बाळ झाल्यावर: एक महिन्याच्या आत श्रवणतपासणी, शंका असेल तर तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत श्रवणयंत्र. वेळेत मदत मिळाली तर बहिरं मूल बोलायला शिकू शकतं. मोठं झाल्यावर बोलेल म्हणून वाट पाहण्यात हीच वर्षं वाया जातात.

मदत कुठे? अंगणवाडी आणि शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांची मोफत तपासणी करतं आणि पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतं. २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. मोठ्या जेनेटिक चाचण्या मुंबई, पुणे, हैदराबादला होतात, पण सुरुवात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात करता येते. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया आणि बहिरेपण यांचा २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्र जरूर काढा.

अखेरची वर्षं

निवृत्तीकडे झुकलेल्या वयातही इरावतीबाईंचं फिरणं थांबलं नव्हतं. फलटणसारखं वाढतं गाव, कोयना धरणाने उठवलेली माणसं, असे विषय त्यांनी हाती घेतले. धरणग्रस्तांच्या घरी जाऊन, त्यांचं काय झालं हे विचारून नोंदी केल्या. १९६८ मध्ये महाराष्ट्राच्या भूमीवर आणि लोकांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ राज्याच्या गॅझेटियर मालेत निघाला. त्याच सुमारास ‘युगान्त’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातही त्यांनी महाभारतातल्या माणसांकडे नात्यांच्या अभ्यासकाच्याच नजरेने पाहिलं आहे.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय ६४.

बर्लिनमध्ये त्यांच्यापुढे कवट्या ठेवून कोणता वंश श्रेष्ठ हे विचारलं गेलं होतं. त्यांनी मोजमाप केलं आणि जे दिसलं ते लिहिलं. पुढे मायदेशी चाळीस वर्षं लोकांच्या ओसरीवर बसून, त्यांची रीत समजून घेऊन त्या नोंदी करत राहिल्या. नात्यातल्या लग्नाबद्दल आपल्या घरात बोलताना हाच क्रम उपयोगी पडेल. आधी माहिती, मग तपासणी, मग सगळ्यांनी मिळून निर्णय. आणि बाळ आजारी असेल, तर दोष कोणाचा यावर वेळ न घालवता पहिली तारीख डॉक्टरांची घ्या. येताना तीन पिढ्यांचा तो कागद बरोबर आणा.